केळकरचा संताप, कांबळेची दंगल

परवा 'अंकुश' पुन्हा पाहिला. पाहिला म्हणजे काय, आमच्या गल्लीतली चार पोरं एका मोबाईलला डोकी लावून बसली होती, मी त्यांच्या पाठीमागं उभा राहिलो. शेवटाकडे नाना पाटेकर त्या हरामखोरांना एकेक करून गाठायला लागला, तसा एकजण मांडीवर थाप मारून म्हणाला, "ह्याला म्हणतात मर्द. नाहीतर आपला तो भैयालाल. झुडपामागं बसून बघत राहिला."

बाकीचे तिघे हसले नाहीत. पण कुणी त्याच्या थोबाडीतही दिली नाही. मीही नाही. घरी आलो, भाकरी खाल्ली, आडवा झालो आणि झोप लागेना. म्हणून हे लिहितोय. सिनेमाचं परीक्षण वगैरे करण्याची आपली जात नाही, ती ज्यांची आहे त्यांनी ते काम चोख केलेलं आहे. ह्या पिक्चरवर दर काही वर्षांनी एक लेख येतो, त्यात 'बेकार तरुणाईचा उद्रेक' हे शब्द असतात आणि शेवटी त्यातल्या प्रार्थनेची आठवण असते. आपल्याला त्या उद्रेकाचं आडनाव विचारायचं आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. १९८६ चा पिक्चर. एन. चंद्राचा दिग्दर्शक म्हणून पहिला. बारा-तेरा लाखांत उरकलेला, म्हणजे त्या काळीसुद्धा चिल्लर. मोठा नट एक नाही. नानानं घर गहाण टाकून पैसे उभे केले असं सांगतात. रवी, शशी, अर्जुन आणि लाल्या, नाक्यावर बसणारी चार बेकार पोरं. शेजारी एक मुलगी आणि तिची आजी राहायला येते. मुलगी चांगली, कामावर जाणारी. तिच्यामुळं ही पोरं जरा माणसात येतात, कामधंदा बघू लागतात. मग तिचा मालक आणि त्याचे साथीदार तिच्यावर बलात्कार करतात, कोर्ट त्यांना सोडतं, मुलगी जीव देते. चौघे मिळून साऱ्यांना ठार मारतात आणि फासावर जातात. संपला पिक्चर.

आता नानाबद्दल, कारण त्याच्याशिवाय ह्या पिक्चरात मारामारी आणि रडारड एवढंच उरतं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा लहान होतो. चाळीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणायचे, रात्रीत तीन पिक्चर, पोरं पुढं, बाया मधे, बाप्ये दारात. अमिताभचा पिक्चर लागला की आम्ही मान वर करून बघायचो. माणूसच तेवढा उंच. नाना आला आणि मान खाली आली. हा तर सकाळी संडासच्या रांगेत डबा घेऊन आपल्यापुढं उभा असलेला माणूस! गाल बसलेले, दाढी वाढलेली, हिंदी बोलतो पण प्रत्येक शब्दाला मराठीचा ठेचका. वाक्य पुरं करायचा कंटाळा. समोरच्याकडं बघताना डोळे आधी त्याच्या हातांकडं जातात, मग तोंडाकडं. मार खाल्लेल्या माणसालाच ही सवय असते. घरच्यांसमोर त्याची जीभ जड होते आणि नाक्यावर तीच जीभ वस्तरा होते. हे कुठल्या नाट्यशाळेत शिकवत नाहीत. लहान वयात सिनेमाची पोस्टरं रंगवून दिवस काढल्याचं नाना स्वतः सांगत आलेला आहे, ते अंगात कुठंतरी असणारच. 'गमन'मध्ये तो १९७८ सालीच दिसला होता, पण हिंदी पडद्यावर त्याला पहिल्यांदा खरी जागा मिळाली ती इथं. त्या रात्री आमच्या चाळीत जी शिट्टी वाजली ती खोटी नव्हती. माझीही होती.

म्हणूनच राग येतो. अंगात खरं रक्त असलेला माणूस घेतला आणि त्याच्या तोंडी कुणाचा संताप घातला?

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. तो संप कुणी रीतसर मागं घेतलाच नाही, तो सडत गेला. १९८६ साली मुंबईच्या नाक्यानाक्यावर जी पोरं बसली होती ती ह्या संपाची पोरं होती. 'अंकुश'ला हवा मिळाली ती तिथून. पण आख्ख्या पिक्चरचा जोर कुणावर आहे बघा. मिलमालकावर नाही. जमिनीवर डोळा ठेवून बसलेल्यांवर नाही. आज त्याच परळात फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा आहे आणि आपली पोरं तिथं दारावर वॉचमन आहेत. पिक्चरचा जोर मूठभर बदमाशांवर. ते मेले की हिशोब चुकता. संपाचं दुःख घेतलं आणि त्यातून वासनेचा गुन्हा काढला. ह्याला म्हणतात हातचलाखी.

बरं, नुसता संपच गायब नाही. माझा बाप गिरणीत होता. कुठल्या खात्यात? रिंग खात्यात. साचाखात्यात का नाही? कारण धोट्यातल्या कांडीचं सूत संपलं की नवं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे आणि महाराच्या तोंडाचा धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? साचाखात्यात पगार जास्त. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा सवाल भर सभेत लाल बावट्यासमोर टाकला होता. कामगारांची एकजूट, एकजूट म्हणून घसा फोडणाऱ्यांची तेव्हा दातखीळ बसली. बापाच्या वेळेपर्यंत कायदा बदलला होता, रीत बदलली नव्हती. एकाच भोंग्याला उठणारी माणसं, पण खाती दोन, प्यायचं पाणी दोन, चाळीतल्या गल्ल्याही दोन. 'अंकुश'च्या चाळीत मात्र एकच गल्ली. सगळे गरीब, सगळे सारखे! असली चाळ मुंबईत कुणी पाहिली असेल तर पत्ता कळवा, मी बिऱ्हाड हलवतो.

जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत जे झालं ते आठवा. पँथरची सभा उधळली, दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, पोलिसांच्या गोळ्या. १० जानेवारीला परळला मोर्चावर वरून दगड टाकला आणि भागवत जाधव गेला. टाकणारा कुणी मिलमालक नव्हता. तोही नाक्यावरचाच. बेकार असेल, संतापलेला असेल, गालही बसलेले असतील. रवीचे आणि लाल्याचे थोरले भाऊ त्या दिवशी कुठल्या गच्चीवर उभे होते, हे एन. चंद्रा विचारत नाही. विचारलं असतं तर पिक्चर दुसराच झाला असता, आणि बारा लाखसुद्धा मिळाले नसते.

आता आडनाव. नाक्यावरच्या ह्या रवीचं पुरं नाव रवींद्र केळकर. १९८३ च्या 'अर्धसत्य'मध्ये व्यवस्थेला कंटाळून गळा दाबणारा फौजदार अनंत वेलणकर. मला केळकर-वेलणकरांशी वैर नाही, त्यांच्याही घरात बेकारी असेल. पण तेव्हाच्या मुंबईत नाक्यावर उभं राहिलं तर दहात किती केळकर सापडले असते? कांबळे, साळवे, गायकवाड, शेख, पवार ह्यांच्या घोळक्यातून नेमका केळकरच का उचलला? उत्तर सोपं आहे. केळकरनं खून केला तर प्रेक्षक विचारतो, बिचाऱ्यावर काय वेळ आली! कांबळेनं खून केला तर प्रेक्षक काही विचारत नाही, तो पाकीट चाचपतो.

अतिशयोक्ती वाटते? मग २००६ साल काढा. २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला सुरेखा, प्रियांका, रोशन आणि सुधीर भोतमांगे ह्यांना गावानं मारलं. मोठ्या पेपरांना ते नीट छापायला आठवडे लागले. नोव्हेंबरात पोरं रस्त्यावर आली, तेव्हा एकदम जागे झाले आणि काय म्हणाले? तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील म्हणाले की ह्यात नक्षलवादी आहेत. नोव्हेंबरच्या शेवटी कानपूरला बाबासाहेबांचा पुतळा विटंबला, डेक्कन क्वीनचे डबे जळाले. प्रवाशांना आधी खाली उतरवलं होतं. चार माणसं मेली त्याच्यापेक्षा जास्त शाई त्या डब्यांवर खर्च झाली. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याला चपलांची माळ घातली गेली म्हणून माणसं जमली, तर पोलिसांनी दहा माणसं मारली आणि वर सांगितलं की जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता. पडद्यावर केळकर सूड घेतो त्याचं तिकीट निघतं. रस्त्यावर कांबळे दगड उचलतो त्याचं वॉरंट निघतं. संताप एकच. दगडही बहुतेक त्याच डोंगराचा.

मधेच आठवलं म्हणून सांगतो, 'अंकुश'च्या आधीपासून नाना रंगभूमीवर जयवंत दळवींचं 'पुरुष' करत होता, १९८२ चं नाटक, दिग्दर्शन विजया मेहतांचं. त्यात नाना बलात्कार करणारा पुढारी गुलाबराव. वर्षानुवर्षं प्रयोग झाले. म्हणजे रात्री रंगमंचावर बलात्कारी आणि पडद्यावर बलात्काराचा सूड घेणारा. नटाचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्या नाटकात अंबिकेचा मित्र कोण? सिद्धार्थ, दलित चळवळीतला कार्यकर्ता. आणि तिच्यावर बलात्कार झाल्यावर हा सिद्धार्थ काय करतो? मागं सरतो. तेव्हा मराठी मनानं आपल्याला ज्या भूमिका दिल्या त्या अशा. सूड केळकरकडं, शेपूट सिद्धार्थकडं. आमच्या गल्लीतल्या पोराला भैयालाल नामर्द वाटतो, तो असाच वाटत नाही रे. पन्नास वर्षांची शिकवणी आहे त्याच्यामागं.

'अंकुश'मधली अनिता चांगली मुलगी आहे. इतकी चांगली की तिला दुसरं काही करायला जागाच नाही. ती येते, सुधारते, नासवली जाते, मरते. ती मेल्याशिवाय पुरुषांना मर्द होता येत नाही, म्हणून ती मरते. आणि बलात्कार झालेल्या बाईनं जगायचं कसं हा प्रश्न पिक्चरला पडतच नाही, कारण जगायचं नाही हे त्यानं आधीच ठरवलेलं आहे. ह्या बाबतीत 'अंकुश' आणि गावची पंचायत ह्यांच्यात मला फरक सापडला नाही.

आता तिच्याशेजारी सुरेखा भोतमांगे उभी करा. तिनं शेत राखलं. पोरांना शिकवलं. सिद्धार्थ गजभियेला मारहाण झाली तेव्हा मारणारे कोण ते तिनं पोलिसांना बोट दाखवून सांगितलं. त्यांना अटक झाली, जामीन झाला, आणि जामीन झाला त्याच दिवशी ते तिच्या घरावर चालून आले. ती अबला होती म्हणून नाही मेली. साक्ष दिली म्हणून मेली. ती कुणाच्या सूडाचं निमित्त नव्हती, लढाई तिची स्वतःची होती. ह्या बाईवर सूडाचा पिक्चर बेतताच येत नाही, कारण त्यात पुरुषाला नायक व्हायला जागा उरत नाही. 'अंकुश'ला अनिताच लागते.

आणि कोर्ट. सूडाच्या प्रत्येक पिक्चरात कोर्टाचा सीन असतो. न्यायाधीश पुराव्याअभावी सोडतो, नायकाच्या चेहऱ्यावर वीज पडते. ज्याचा कायद्यावर जन्मभर विश्वास होता त्याच्याच चेहऱ्यावर वीज पडणार ना! आमच्या चाळीतल्या बाया त्या सीनला जराही दचकल्या नव्हत्या. एक म्हातारी तर म्हणाली, "कोर्टापतोर गेली तरी बरं." १९७२ साली परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला दोन बायांना नागवं करून मारलं. त्याच वर्षी राजा ढालेंनी 'साधना'त 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहून विचारलं, झेंड्याच्या अपमानाला तीनशे रुपये दंड आणि दलित बाईचं लुगडं फेडलं तर पन्नास, हा कुठला हिशोब? लोक झेंड्यावरून पेटले, लुगड्यावरून नाही. आपल्यासाठी कायदा कोर्टात हरत नाही, तो चौकीच्या पायरीवरच हरतो, फिर्याद लिहून घेताना. २०१४ साली खर्ड्याला नितीन आगे ह्या शाळकरी पोराला मारून टांगलं. २०१७ साली आरोपी सुटले, साक्षीदार फिरले होते. साक्षीदार का फिरतात ते सुरेखाला विचारा.

खैरलांजीचा निकाल २००८ साली लागला. सहा फाशी, दोन जन्मठेप. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू नाही, म्हणजे जातीचा संबंध नाही! बलात्कार, विनयभंग काही शाबीत नाही. २०१० साली हायकोर्टानं फाशीची पंचवीस वर्षं केली. पुढं सुप्रीम कोर्ट. भैयालाल भोतमांगे भंडाऱ्याला राहिला, पोलिसांच्या पहाऱ्यात, वसतिगृहात सरकारनं दिलेली शिपायाची नोकरी करत. तारखा केल्या. सभांना गेला, व्यासपीठावर पुढाऱ्यांच्या मधोमध बसवला गेला, फोटो काढून झाल्यावर परत एकटा. जानेवारी २०१७ मध्ये गेला. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला २०१९ ला.

ह्या माणसाला काय म्हणायचं? त्याच्याकडं कोयता नव्हता असं नाही, शेतकरी होता. त्या संध्याकाळी तो पुढं गेला असता तर पाचवं प्रेत झालं असतं, आणि मग फिर्याद द्यायला कुणीच उरलं नसतं. गावाला तेच पाहिजे होतं. चार जणांना मारून प्रेतं कालव्यात टाकलेल्या गावाच्या विरोधात जिवंत राहणं आणि दहा वर्षं तीच तीच साक्ष सांगत राहणं, ह्याला छातीत काय लागतं? मला माहीत नाही. रवीला चार खून करायला एक रीळ लागलं. भैयालालचा पिक्चर काढायचा तर तो दहा वर्षं चालवावा लागेल आणि त्यात मारामारी एक नाही. बघेल कोण?

सूडाचा पिक्चर वाईटच असतो असं सोवळं मी नेसलेलं नाही. २०१९ चा तमिळ 'असुरन' बघा. वेट्रीमारननं पूमणीच्या कादंबरीवरून काढला, धनुष त्यात बाप आहे. रक्त 'अंकुश'पेक्षा दसपट. पण बाप मान खाली घालून, हात जोडून, गावाच्या पाया पडून पोराला वाचवतोय आणि पोराला वाटतं बाप भेकड आहे. मागाहून कळतं की बापानं तरुणपणी काय काय केलेलं आहे आणि काय काय गमावलेलं आहे. वाकलेली मान म्हणजे काय हे त्या पिक्चरला ठाऊक आहे, कारण त्यातला राग कुठल्या वस्तीचा ते त्यानं लपवलेलं नाही. आणि आपल्याकडं 'फँड्री'. त्यात जब्यानं शेवटी एकच दगड मारला, तोही सरळ तुमच्या-आमच्या तोंडावर. तिथं कुणाची शिट्टी वाजली नाही. मी थिएटरात होतो, दिवे लागले तरी माणसं खुर्चीत तशीच. खून एक नाही, तरी त्या दगडाचं भय वाटलं. रवीनं सगळे मारले, भय कुणाला वाटलं? वाटण्यासारखं ठेवलंच नाही. शेवटी फास आहे. चौघे लटकले, सरकार शाबूत, लोक डोळे पुसून घरी. पिक्चरातली प्रार्थना आज शाळाशाळांत सकाळी हात जोडून म्हटली जाते. ज्या पिक्चरात खून मोजायला हाताची बोटं लागतात, त्यातनं ह्या देशानं काय उचललं, तर मनाला शक्ती देण्याची विनवणी! अभिलाषनं लिहिली चांगली, कुलदीप सिंगची चालही गोड, तक्रार तिच्याबद्दल नाही. पण जो संताप इतक्या सहज परिपाठात बसतो, तो कुणाला चावणार?

दुसऱ्या दिवशी त्या पोराला गाठलं. चहा पाजला. वर लिहिलंय त्यातलं बरंचसं त्याला सांगितलं, शिव्या जरा जास्त घातल्या. खैरलांजी झाली तेव्हा हा जन्मलाही नव्हता. भैयालाल त्याला कुठल्यातरी रीलमधून माहीत. सुरेखानं साक्ष दिली होती हे त्याला माहीतच नव्हतं. दोनदा विचारलं, "खरंच त्याच दिवशी जामीन झाला?" मग बराच वेळ कपाकडं बघत बसला. मला वाटलं, पोरगं हललं.

उठताना म्हणतो, "पण काका, नाना भारी आहे ना पण?"

भारी आहेच रे भडव्या. भारी नसता तर मी दोन रात्री जागलो असतो का?